नव्याला सवलत, जुन्याला पट्टी? नाशिकमधल्या करसवलतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या लहान कारखानदारांचे जीएसटीचे हिशोब आणि अनुदानाची कागदपत्रं करणं हे माझं रोजचं काम. संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला बसलो की तिथं वेगळेच प्रश्न येतात: घरपट्टी, नवे फ्लॅट, 'कारखान्यांना सगळं फुकट' वगैरे. दोन्हीकडची माणसं खरं तर एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. नव्यानं येणाऱ्याला सरकार काय देतं, आणि ते कोणाच्या खिशातून जातं? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझी मतंही लिहिली आहेत, लपवलेली नाहीत.

१. नव्या कारखान्याला 'कर माफ' होतो म्हणजे नेमकं काय माफ होतं?

बोलताना आपण सरसकट 'माफ' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे आणि दर काही वर्षांनी ती नव्यानं निघते (२००७, २०१३, २०१९ अशी). तीत मुद्रांक शुल्क आणि विजेवरचं विद्युत शुल्क हे खरोखर माफ होतं, म्हणजे भरावंच लागत नाही. व्याज अनुदान आणि औद्योगिक प्रोत्साहन अनुदान मात्र तिजोरीतून दिलं जातं. कारखानदार जीएसटी सगळ्यांसारखाच भरतो, मग राज्याच्या वाट्याच्या जीएसटीवर हिशोब बसवून ठरलेली रक्कम त्याला परत मिळते. २०१७ च्या आधी हाच हिशोब व्हॅटवर होत असे.

किती मिळणार हे तालुक्यावर ठरतं. राज्यातले तालुके विकासाप्रमाणे गटांत वाटलेले आहेत. पुढारलेल्या भागात सवलत कमी, मागास भागात जास्त आणि जास्त वर्षं. साधारण सात ते दहा वर्षांचा काळ धरा. फार मोठ्या गुंतवणुकीचे 'विशाल' आणि 'अतिविशाल' प्रकल्प वेगळे असतात. त्यांच्या अटी मंत्रालयात स्वतंत्रपणे ठरतात.

२. म्हणजे नाशिक महापालिकेची घरपट्टीही माफ होते का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. सातपूर आणि अंबड या दोन्ही औद्योगिक वसाहती महापालिकेच्या हद्दीत आहेत. तिथला कारखाना नवा असो की जुना, महापालिकेला मालमत्ता कर भरतो, तोही बिगरनिवासी दरानं. शिवाय एमआयडीसीचं सेवा शुल्क वेगळं. एकाच रस्त्याचे, एकाच दिव्याचे दोन ठिकाणी पैसे का, ही इथल्या उद्योजक संघटनांची जुनी तक्रार आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. ग्रामपंचायत हद्दीतल्या कारखान्यांसाठी प्रश्न ११ पाहा.

३. महापालिका काहीच सोडत नाही, मग आम्हा नाशिककरांना याचा भार कसा?

सवलत राज्य देतं, गैरसोय गाव सोसतं. नवा कारखाना आला की अवजड ट्रक वाढतात, पाणी लागतं, सांडपाणी वाढतं, कामगारांची घरं, शाळा, दवाखाने लागतात. हा खर्च नाशिकमध्येच होतो. आणि तो भागवायला महापालिकेच्या हातात आता फारसं काही उरलेलं नाही. आधी जकात गेली. २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तो ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि जीएसटीबरोबर पूर्ण गेला. त्या बदल्यात राज्य दरमहा भरपाईचं अनुदान देतं. ते वर्षाला ८ टक्के वाढ धरून ठरतं. उद्योग जोरात चालले म्हणून ते वाढत नाही.

यातला परिणाम नीट समजून घ्या. पूर्वी सातपूरमध्ये जास्त माल आला की महापालिकेच्या पेटीत जास्त जकात पडायची. आता नव्या उद्योगाच्या भरभराटीचा शहराच्या तिजोरीशी थेट संबंध तुटला आहे. स्वतःच्या हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकास शुल्क. म्हणून तूट पडली की नजर वळते ती घरांकडे.

४. आमचा फ्लॅट २०१९ चा. शेजारच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तेवढ्याच फ्लॅटला आमच्यापेक्षा कितीतरी कमी घरपट्टी. बिल चुकलंय का?

बहुतेक नाही. नाशिकमध्ये घरपट्टी 'करयोग्य मूल्या'वर लागते. ती मिळकत भाड्यानं दिली तर वर्षाला रास्त भाडं किती येईल, हे धरायचं. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे. उरेल ते करयोग्य मूल्य. २०१८ मध्ये, तुकाराम मुंढे आयुक्त असताना, १ एप्रिल २०१८ नंतर नोंद होणाऱ्या मिळकतींसाठी भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले गेले. जुन्या मिळकतींचं मूल्य जुन्याच दरानं राहिलं. मोकळ्या जमिनींच्या आकारणीवरूनही त्या वर्षी शहर पेटलं होतं. प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेलं आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली. नवी-जुनी ही रेघ मात्र पडली ती पडलीच.

तेव्हा आधी तुमच्या मिळकतीची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. बांधकाम जुनं पण पूर्णत्वाचा दाखला उशिरा मिळालेला, अशी प्रकरणं बरीच आहेत आणि तिथे तारखेवरून वाद होऊ शकतो. क्षेत्रफळ चटईचं धरलं आहे की बांधीव, वापर निवासी लिहिला आहे की नाही, हेही तपासा. आकारणीची विशेष नोटीस आल्यावर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. मुदत गेल्यावर कार्यालयात जाऊन भांडण्याचा उपयोग होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

५. कारखाना नवा आला तर त्याला सवलत, आणि मी नवा आलो तर मला जास्त कर. याला न्याय म्हणायचं का?

या पानावरचा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हाच. माझं उत्तर: नाही, हा न्याय नाही.

दोन्ही निर्णयांमागे आपापलं कारण आहे हे खरं. कारखाना दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, म्हणून त्याला ओढायला सवलत. घर घेणारा कुठे जाणार? मुलांची शाळा इथे, नोकरी इथे, गृहकर्ज डोक्यावर. आणि जुन्या घरमालकांची संख्या मोठी, ते मतदार. नवा माणूस दर ठरवताना अजून आलेलाच नसतो, त्याचं मत कोण विचारणार! ज्याला पळता येतं त्याला सूट आणि ज्याला पळता येत नाही त्याच्याकडून वसुली, असा हा व्यवहार झाला.

हा प्रकार जगात इतरत्रही घडला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून नियम केला की घराचं करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही आणि नव्यानं मोजणी होईल ती घर विकलं जाईल तेव्हाच. परिणाम असा झाला की लॉस एंजेलिसमध्ये नवं घर घेतलेली एक बाई शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर भरत होती. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये हरली. कायद्यात बसतं आणि न्यायाचं आहे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, ते या निकालातून दिसतं.

उपाय अवघड नाही, पण कोणाला आवडणारा नाही. जुन्या आणि नव्या मिळकतींचं मूल्य एकाच पद्धतीनं, हळूहळू, सात-आठ वर्षांत एका पातळीवर आणायचं. नव्यांचा थोडा उतरेल, जुन्यांचा थोडा चढेल. जुन्या वाड्यात राहणाऱ्या एकट्या आजींसारख्यांसाठी स्वतंत्र सूट ठेवायची. माझं घर जुन्या दरात बसतं की नव्या, यावर माझं हे मत अवलंबून नाही.

६. सवलत दिली नसती तर हे उद्योग नाशिकला आलेच नसते, असं म्हणतात. खरं आहे का?

काहींच्या बाबतीत खरं, बहुतेकांच्या बाबतीत नसावं. नाशिकला माणूस का येतो ते बघा. मुंबई-आग्रा महामार्ग. गंगापूर धरणाचं पाणी. १९६० च्या दशकापासून ओझरला विमानांचा कारखाना, त्याच्याभोवती आणि सातपूरमध्ये तयार झालेले कसबी टर्नर, फिटर, टूलरूमवाले. आता सिन्नरवरून जाणारा समृद्धी महामार्ग. यातलं काहीही अनुदानानं विकत घेता येत नाही, आणि हे सगळं आधीच इथे आहे.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये तिकडच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. स्थानिक सवलतीमुळे निर्णय खरोखर फिरला असं २ ते २५ टक्के कंपन्यांबाबतच म्हणता येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाकीच्या तशाही आल्याच असत्या. तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पेठ-सुरगाण्यासारख्या मागास तालुक्यांत सवलत निर्णायक ठरण्याची शक्यता जास्त आणि शहराच्या कुशीत कमी, एवढं साध्या तर्कानंही कळतं.

७. एका नोकरीमागे सरकारचा किती खर्च होतो ते कसं काढायचं?

कागद-पेन्सिल घ्या. समजा एका कारखान्याला सात वर्षांत सगळं मिळून १२ कोटी मिळाले आणि १५० नोकऱ्या झाल्या. भागाकार केला की नोकरीमागे ८ लाख. वर्तमानपत्रात छापून येतो तो हिशोब इथेच थांबतो.

आता प्रश्न ६ मधली सगळ्यात उदार टक्केवारी, २५, लावा. म्हणजे अशा चार कारखान्यांपैकी एकच सवलतीमुळे आला. मग खऱ्या अर्थानं नव्या असलेल्या प्रत्येक नोकरीची किंमत ३२ लाख. टक्केवारी १० धरली तर ८० लाख. उलट बाजूही मांडायला हवी: कारखाना सात वर्षांनंतरही चालला, सुटे भाग इथल्याच लहान युनिटकडून घेतले, तर फायदा आकड्यापेक्षा मोठा. आणि त्या १५० पैकी किती जण कंपनीच्या पटावर आहेत आणि किती ठेकेदाराकडचे, हे विचारल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

८. आपण नाही दिलं तर गुजरात देईल. मग हात बांधून बसायचं का?

ही भीती खोटी नाही. जानेवारी २००३ मध्ये केंद्रानं हिमाचल आणि उत्तराखंडसाठी उत्पादन शुल्क आणि आयकर माफीचं पॅकेज जाहीर केलं आणि बघता बघता हिमाचलमधल्या बद्दीमध्ये औषध कारखान्यांची रांग लागली. त्यातले अनेक महाराष्ट्रात वाढलेले होते.

पण सप्टेंबर २०२२ आठवा. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार म्हटल्यावर महिनाभर महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्याच्यासाठी दोन राज्यं इतकी झुंजली ते त्या रूपात उभंच राहिलं नाही. चढाओढीत एका राज्यानं सवलत वाढवली की दुसरं वाढवतं, आणि कारखाना शेवटी एकाच ठिकाणी उभा राहतो. फरक खिशात घालून जातो तो कारखानदार. म्हणून माझा आग्रह: द्यायचंच असेल तर कंपनीबरोबर उठून जाणार नाही असं काही द्या. रस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, खंड न पडणारी वीज, चांगली आयटीआय. कंपनी गेली तरी ते नाशिकचं राहतं, आणि जुन्या कारखान्यालाही मिळतं.

९. आमचं युनिट सातपूरला पस्तीस वर्षं आहे. आमच्याच मालाचा नवा स्पर्धक सिन्नरला आला, त्याला परतावा. आम्ही काय गुन्हा केला?

काही नाही. हे ऐकताना माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसतं, आणि ते मी समोरच्याला सांगतो.

हिशोब असा बसतो: दोघांचाही माल एकाच कंपनीच्या खरेदी विभागाकडे जातो. नव्याला परतावा मिळणार म्हणून तो दर दोन टक्क्यांनी खाली लावू शकतो. जॉबवर्कच्या धंद्यात नफाच चार-पाच टक्के असेल तिथे दोन टक्के म्हणजे ऑर्डर गेली. जुन्यानं मंदीत कामगार सांभाळले, कोविडमध्ये बँकेचे हप्ते भरले. त्याची कुठे नोंद नाही. केंद्रानंही २०१९ मध्ये हेच केलं: ऑक्टोबर २०१९ पासून स्थापन झालेल्या आणि मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या कंपनीला आयकराचा मूळ दर १५ टक्के आणि आधीच्या कंपनीला २२.

करता येण्यासारखं एक आहे. योजनेत जुन्या युनिटच्या विस्तारालाही जागा असते, पण ठरलेल्या प्रमाणात नवी गुंतवणूक आणि वाढीव क्षमता दाखवावी लागते. नवं सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र घ्यायचा विचार असेल तर यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जा, नंतर नको. आधी खरेदी केली आणि मग अर्जाला धावले, असे किती जण हुकलेले पाहिले! आणि मंजूर झालेलं अनुदान वेळेवर मिळेल असं धरून कर्ज काढू नका. मंजुरी आणि प्रत्यक्ष रक्कम यांत बराच काळ जातो.

१०. जुनं युनिट सातपूरहून उचलून ग्रामीण तालुक्यात नेलं आणि नव्या नावानं कंपनी काढली, तर 'नवा उद्योग' होतो का?

योजनेचा पाया आहे नवी स्थिर भांडवली गुंतवणूक. पाटी नवी आणि लेथ तीच, असं असेल तर ते या पायावर उभं राहत नाही. अशी मांडणी करून देणारे सल्लागार भेटतात. मी करून देत नाही. जिल्ह्याच्या दृष्टीनं बघितलं तर यात एकही नोकरी वाढत नाही, ती सातपूरहून तीस किलोमीटर सरकते आणि कामगाराच्या पेट्रोलचा खर्च वाढतो. जागा अपुरी म्हणून खरोखर हलायचं असेल तर नवी यंत्रं आणि जुनी यंत्रं यांचे हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

११. आमच्या गावात कारखाना आहे, पण ग्रामपंचायतीला फारच थोडी रक्कम मिळते. असं का?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे पंचायत आणि कारखाना यांच्यात करार होऊ शकतो: सगळ्या करांऐवजी वर्षाला एक ठोक रक्कम. जुना करार असेल तर रक्कम त्या काळातली असते आणि कारखाना दरम्यान तिप्पट वाढलेला असतो. करार कोणत्या वर्षाचा, मुदत कधी संपते, हे ग्रामसभेत विचारा. नव्या कारखान्याशी करार करताना ठोक रकमेत दरवर्षी वाढ लिहून घ्या.

१२. वाईन उद्योगाला इतक्या सवलती कशासाठी?

नव्याला हात देण्याचं नाशिकमधलं सगळ्यात ठळक उदाहरण हेच. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनवर उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं. पुढे विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आली. वाईन जीएसटीत नाही, म्हणून तो व्हॅट अजून आहे.

मला हे उदाहरण दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं वाटतं. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला खाण्याच्या द्राक्षांशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळालं, पर्यटन वाढलं, जे इथे नव्हतंच ते उभं राहिलं. सवलतीचा हा खरा उपयोग. पण धोरणाला वीस वर्षं उलटून गेली. इथल्या सगळ्यात मोठ्या वाईन कंपनीचे शेअर डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात नोंदले गेले. वीस वर्षांचा धंदा अजून 'नवा' म्हणायचा का? लहान वायनरीला परतावा चालू ठेवा, उलाढाल एका मर्यादेपुढे गेली की टप्प्याटप्प्यानं कमी करा, असं माझं मत आहे.

१३. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी झाली. नाशिकला का नाही?

२०२२ मध्ये मुंबईसाठी तो निर्णय झाला. नाशिकची तिजोरी मुंबईच्या तिजोरीसारखी नाही (प्रश्न ३). इथे घरपट्टीतून मोठा वर्ग वगळला तर उरलेल्यांवर, म्हणजे पुन्हा नव्या फ्लॅटवाल्यांवर, भार वाढेल. लहान घराला सूट द्यायला माझा विरोध नाही. पण ती रक्कम कोण भरणार, हे त्याच ठरावात लिहिलेलं असलं पाहिजे.

१४. सवलत घेतली आणि नोकऱ्या दिल्याच नाहीत, तर पैसे परत घेतात का?

सवलत मंजूर करणाऱ्या पात्रता प्रमाणपत्रात अटी असतात: उत्पादन ठरावीक काळ चालू ठेवणं, एकूण नोकऱ्यांत किमान ८० टक्के स्थानिक, वगैरे. मोडल्या तर प्रमाणपत्र रद्द करून वसुली करता येते. दरवर्षीच्या उत्पादनानंतर दिलेलं अनुदान त्या मानानं सुरक्षित, कारण काम आधी, पैसे नंतर. धोका असतो तो आधीच देऊन टाकलेल्या गोष्टींत, विशेषतः जमिनीत. सिन्नर तालुक्यातल्या मुसळगाव-गुळवंच भागात सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) शेतकऱ्यांच्या मोठ्या प्रमाणावर जमिनी गेल्या. त्यातली बरीच जमीन वर्षानुवर्षं कारखान्याविना पडून राहिली. पिढीजात शेत गेलं आणि नोकरीही आली नाही, ही किंमत कुठल्याच अनुदानाच्या तक्त्यात लिहिलेली नसते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्येही असंच झालं. २०१७ मध्ये फॉक्सकॉनसाठी सुमारे ३ अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांचा करार झाला, २०२१ मध्ये तो ८ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांवर आला. राज्याचे बरेच पैसे वाचले कारण ते कामगिरीवर बांधलेले होते. गावांनी जमीन आणि रस्त्यांवर आधीच केलेला खर्च मात्र होऊन गेला होता.

१५. परदेशात माणसांनाही पैसे देऊन शहरात बोलावतात म्हणे. नाशिकनं आयटीवाल्यांसाठी असं करावं का?

अमेरिकेतलं टल्सा शहर २०१८ पासून घरून काम करणाऱ्यांना तिथे राहायला आल्यास १० हजार डॉलर देतं. पण ते पैसे एका खासगी धर्मादाय संस्थेचे आहेत, करदात्यांचे नाहीत. पोर्तुगालनं २००९ पासून नव्या रहिवाशांना दहा वर्षं सवलतीचा आयकर दिला. घरांच्या किमती आणि न्यायाचा प्रश्न इतका तापला की २०२४ पासून ती योजना नव्यांसाठी बंद केली. नाशिकला लोक तसेही येत आहेत. त्यांना पैसे देण्याची गरज नाही, जुन्या शेजाऱ्याइतकीच घरपट्टी लावली तरी पुरे.

१६. आमच्या भागातल्या कारखान्याला किती अनुदान मिळालं हे कुठे कळेल?

सूक्ष्म आणि लहान उद्योगांची माहिती सातपूरच्या उद्योग भवनातल्या जिल्हा उद्योग केंद्रात, मोठ्यांची मुंबईला उद्योग संचालनालयात. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. त्यामुळे 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. पात्रता प्रमाणपत्राची प्रत, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम वर्षवार, आणि कंपनीनं कळवलेली कामगारसंख्या, एवढंच मागा. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला तर पहिल्या अपिलात लिहा की मागितलं आहे ते सरकारनं दिलेल्या पैशाबद्दल, कंपनीच्या सूत्राबद्दल नाही. तिथेही अडलं तर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे. उत्तर मिळालं की मला प्रत पाठवा. प्रश्न ७ मधला भागाकार आपण खऱ्या आकड्यांनी करू.